पेटीच्या बाजूला बसणारे

एखादी गोष्ट वीस-पंचवीस वर्षं मनापासून केली की तिच्याभोवती किस्से जमतातच, कपाटावर पिशव्या जमतात तसे. मुद्दाम कोणी साठवत नाही. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमच्या चौघांचंही तसंच झालंय. कोणीतरी चहा टाकतं, कोणीतरी म्हणतं, "तुला आठवतं का गं..." आणि मग दुपारची संध्याकाळ कधी होते ते कळत नाही.

आम्ही चौघं एका माणसाचे फॅन आहोत. तो माणूस गायक नाही. गाणाऱ्याच्या शेजारी बसून पेटीची साथ करणारे मास्तर, त्यांचे आम्ही फॅन. पोस्टरवर त्यांचं नाव अगदी खाली, प्रायोजकांच्या जरा वर असतं. बोरिवलीला राहतात, सडपातळ आहेत, कमी बोलतात. बाकी लोक गाणं ऐकायला जातात, आम्ही मास्तरांना ऐकायला जातो.

*

ओळख झाली ती मुलुंडच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी. गर्दी बेताची होती. मधल्या रांगा अर्ध्या रिकाम्या, आणि उजव्या कोपऱ्यात चार माणसं लांब लांब बसलेली. त्यांतली एक मी. माझं तिथेच स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे.

कार्यक्रमाचा एक कार्यकर्ता आला आणि आम्हाला मध्ये सरकायला सांगू लागला. फोटोत हॉल रिकामा दिसतो, गायकांना वाईट वाटेल, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. पुढच्या रांगेतले गुजराती गृहस्थ नाही म्हणाले. पलीकडची डबा घेऊन आलेली मुलगीही नाही म्हणाली. तेव्हा कार्यकर्ता चौथ्याकडे वळला. तो दणकट बांध्याचा, हातावर ग्रीसचे डाग असलेला माणूस. तो म्हणाला, "आमी पेटी आयकूक इलंव. गाणा चालू रवांदे, आमची काय हरकत नाय."

आम्ही तिघांनी वळून त्याच्याकडे बघितलं. आपल्यासारखं वेड दुसऱ्या कोणाला असेल असं तोवर आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं. मध्यंतरात त्या मुलीने डबा उघडला आणि न विचारता आमच्या पुढे धरला.

तो माणूस सावंत. कांदिवलीचा, लिफ्ट दुरुस्त करतो. मुलगी प्रज्ञा कांबळे. आईवडील परभणीकडचे, ती वाढली कांजूरमार्गला, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गुजराती गृहस्थ म्हणजे घाटकोपरचे शहाभाई. आमच्यात वयाने मोठे, साड्यांचं दुकान, आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

*

शहाभाईंची दाद फार मोकळी. पण ती येते मास्तरांच्या जागेला. गायक तान घेऊन थांबतो, श्वास घेतो, आणि तेवढ्या फटीत मास्तर दोन-चार सूर असे ठेवतात की विचारू नका. तिथे शहाभाई म्हणतात, "क्या बात है."

एकदा एका मोठ्या गायकांचा समज झाला की दाद आपल्यालाच आहे. तसं वाटणारच म्हणा. प्रत्येक वेळी ते शहाभाईंकडे बघून मान लववत होते. मध्यंतरात स्वतः उठून आले, शहाभाईंचे हात हातात घेतले आणि म्हणाले, असा जाणकार श्रोता आता मिळत नाही, माझ्या गाण्यात तुम्हाला नक्की काय भावलं ते मला ऐकायचंय.

शहाभाई जैन माणूस. खोटं बोलवेना, आणि मोठ्या माणसाला दुखवायचंही नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, "तुम्ही मध्ये मध्ये थांबता ना, ते मला फार आवडतं."

गायक इतके खूश झाले की त्यांनी हे पुढच्या भागात माइकवरून सांगितलं.

*

आरे कॉलनीत एका हिवाळ्यात सकाळची बैठक होती, झाडाखाली सतरंज्या टाकून. आम्ही पहिल्या बसने गेलो. रस्त्यावर धुकं इतकं होतं की झाडं एकेक करून जवळ येत होती आणि मागे विरघळत होती. प्रज्ञाने खिडकीच्या काचेवर बोटाने पेटीच्या पट्ट्या काढल्या, काळ्या आणि पांढऱ्या. उतरेपर्यंत त्या ओघळून गेल्या.

गाणारा पोरगा नवा होता, घाबरलेला. त्याने भैरव सुरू केला आणि पलीकडच्या तबेल्यातून एक म्हैस हंबरली. लांब, सावकाश. लोक हसले. पोरगा थांबला, कानापर्यंत लाल झाला.

मास्तरांनी भाता हलवला, एक पट्टी दाबली आणि म्हशीचा आवाज विरेपर्यंत तो सूर धरून ठेवला. दोन्ही अगदी एकमेकांत मिसळले. मग पोराकडे झुकून हळूच म्हणाले, "थांबू नका. सुरात आहे ती."

त्या दिवशी तो पोरगा जे गायला, तसं पुन्हा त्याच्याकडून आम्ही ऐकलेलं नाही.

*

मास्तरांशी प्रत्यक्ष बोलायची हिंमत आम्हाला सात-आठ वर्षं झाली नाही. पहिली बोलली ती प्रज्ञा, आणि तेही नाइलाजाने. घरी जाऊन रक्त घ्यायच्या यादीत एके सकाळी त्यांचं नाव आलं.

प्रज्ञाचा हात कधी हलत नाही. तान्ह्या पोरांच्या शिरा ती एका झटक्यात शोधते. पण मास्तरांनी बाही वर केली, उजवा हात पुढे केला, आणि हिला सुई धरवेना. तिने विचारलं, डावा हात चालेल का? ते म्हणाले चालेल. मग तिला वाटलं, डाव्याने ते भाता मारतात, तोही कसा दुखवायचा? दोन्ही हात पुढे घेऊन ते बसलेले, ही नुसती बघत उभी.

शेवटी मास्तरांनी विचारलं, "पहिलंच रक्त का हो तुमचं?"

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सगळं सांगून टाकलं. आम्ही चौघं, उजवा कोपरा, डबा, म्हैस, सगळं. मास्तरांनी ऐकून घेतलं. ते उपाशीपोटी होते, तरी आत जाऊन त्यांनी हिच्यासाठी चहा केला.

*

त्यानंतर महिन्याभरात मास्तर माझ्या दुकानात आले. प्रज्ञानेच पत्ता दिला होता. मी नेहमीचं विचारलं, लांबचं दिसत नाही की जवळचं?

ते म्हणाले, लांबचं राहू दे, पेपरही वाचता येतो. मग दुकानातल्या स्टुलावर मांडी घालून बसले आणि मला शेजारी, हातभर अंतरावर बसायला सांगितलं. "एवढ्यावरचं दिसलं पाहिजे. गाणारा श्वास कधी घेतो, ते."

मी तीस वर्षं चष्मे करतेय. त्या अंतराचा नंबर मला कोणी विचारला नव्हता. फळ्यावरची अक्षरं उपयोगाची नव्हती, म्हणून मीच शेजारी बसले आणि ते काचा बदलत माझ्या गळ्याकडे बघत राहिले. बाहेर गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी आयुष्यात इतका नीट श्वास घेतलेला नाही.

*

आता भांडणाचं सांगते. शहाभाईंच्या मुलीचं लग्न घाटकोपरला, आणि त्याच सकाळी बोरिवलीत मास्तरांची साथ. मी आणि प्रज्ञा लग्नाला गेलो. सावंत गेला नाही. तो बोरिवलीला गेला.

दुसऱ्या दिवशी तो पेढे आणि पडलेलं तोंड घेऊन घाटकोपरला माफी मागायला गेला. शहाभाई म्हणाले, लग्नाचं सोड, मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. मग त्यांनी हात पुढे केला. "रेकॉर्डिंग दे."

सावंतने रेकॉर्डिंग केलं नव्हतं. ऐकण्याच्या नादात विसरला होता.

शहाभाई त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. कार्यक्रमाला दोघंही यायचे, उजव्या कोपऱ्यातच बसायचे, मध्ये मी आणि प्रज्ञा. खाकरे माझ्या हातून पलीकडे जायचे, सावंतचे आंबोळीचे डबे प्रज्ञाच्या हातून अलीकडे यायचे. शब्द मात्र नाही. आम्ही दोघींनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. सावंत म्हणायचा, चूक माझीच, त्यांचं काय चुकलं?

मग एका सकाळी, मुलुंडलाच, तोडी राग चालू होता. मास्तरांचं बोट कोमल गंधारावर किंचित उशिरा पडलं. केसाएवढं. गायकाला कळलं नाही, तबलजीला कळलं नाही, हॉल डोलत होता. पण माझ्या डावीकडून शहाभाई आणि उजवीकडून सावंत एकाच क्षणी पुढे झुकले, आणि दोन वर्षांनी एकमेकांकडे बघितलं.

पुन्हा तसंच झालं. मग आणखी एकदा.

बाहेर आल्यावर शहाभाईंनी सावंतचा दंड धरला. "तुला पण ऐकू आलं?" सावंतने नुसती मान हलवली.

*

मास्तरांना सांगणार कोण? आम्ही महिनाभर घोळ घातला. शेवटी चौघंही बोरिवलीला गेलो. चहा झाला, हवापाण्याचं झालं. प्रज्ञा खाली बघत होती. मग सावंतच म्हणाला, "मास्तर, कोमल गंधाराक बोट जरा मागे रवता."

मास्तरांनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. मग म्हणाले, "मला ते चार महिन्यांपूर्वी कळलं. कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून मी गप्प होतो." आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "म्हणजे इतकी वर्षं कोणीतरी ऐकत होतं."

प्रज्ञाने डॉक्टर शोधला. सावंत दर आठवड्याला कांदिवलीहून येऊन त्यांना तिकडे घेऊन जायचा. नसेचं दुखणं निघालं. पूर्ण बरं होणारं नव्हतं, पण थांबलं. मास्तरांनी साथीला जाणं हळूहळू बंद केलं.

*

मागच्या वर्षी आम्ही ठरवलं की मास्तरांचा एकट्याचा कार्यक्रम करायचा. त्यांनी जन्मात एकट्याने पेटी वाजवली नव्हती. शहाभाईंच्या सोसायटीचा वरच्या मजल्यावरचा हॉल मिळाला. सकाळची वेळ, साठ-सत्तर माणसं. सेक्रेटरी देसाई म्हणाले, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, मी खाली ऑफिसात बसतो, काही लागलं तर हाक मारा.

सावंतने बैठक मधोमध घातली होती, मास्तरांसाठी. मास्तर आले, बैठकीकडे बघितलं, आणि पेटी उचलून बाजूला जाऊन बसले, गेली पन्नास वर्षं बसत आले तिथेच. मधली जागा रिकामी. शहाभाई उठायला लागले, मी त्यांना खाली बसवलं.

मास्तरांनी चष्मा पुसून घातला आणि सुरू केलं. तो एकल कार्यक्रम नव्हता, ती साथ होती. दोन सूर ठेवायचे, थांबायचे, रिकाम्या जागेकडे बघायचे, मान डोलवायचे, पुन्हा दोन सूर. ज्या गाणाऱ्या बाईंना त्यांनी तीस वर्षं साथ केली, त्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. हे हॉलमध्ये फारतर आम्हा चौघांना ठाऊक असेल. पण कोणी खोकलं नाही, कोणी हललं नाही. खिडकीतून ऊन आत आलं होतं, ते सतरंजीवरून सरकत सरकत त्या मधल्या जागेवर गेलं आणि तिथेच थांबल्यासारखं झालं. दीड तास कसा गेला, मला सांगता येणार नाही.

मास्तरांनी पेटी मिटली. माणसं हळूहळू पांगली. आम्ही त्यांना धरून जिन्याने खाली उतरवत होतो, तर देसाई ऑफिसातून बाहेर आले. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवलेला, हातात पाण्याच्या टँकरची बिलं तशीच.

"गाण्यातलं कळत नाही म्हणालो होतो, पण आज काम नाही झालं हो," ते म्हणाले. मग आमच्या मागे जिन्याकडे बघत राहिले.

"गात होत्या त्या बाई अजून वरच आहेत का?"