कुसुमच्या चेहऱ्याचे डॉक्टर

डॉ. मनोहररावांची आणि माझी पहिली भेट चंद्रपुरातल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. धानोऱ्याहून पहाटेच्या एसटीने माझी मुलगी कुसुम, माझी बहीण आणि मी, असे तिघे गेलो होतो. कुसुमचा खालचा जबडा पुढे आलेला, गालाची हाडं बसकी. पुढच्या दातांनी पेरू तुटत नसे, ओठ मिटत नसत. मी शाळेत कविता शिकवायचो. सारा वर्ग सुरात म्हणायचा, आणि माझी स्वतःची लेक शेवटच्या बाकावर तोंडापुढे ओढणी धरून बसायची.

बहिणीने पिशवीतून एका नटीचं कॅलेंडर काढलं. "डॉक्टरसाहेब, असे गाल करून द्या पोरीले."

"बाई, असे केले तर घरी कोणी ओळखणार नाही. तुमचे गाल काय वाईट आहेत? इकडे वळा." डॉक्टरांनी तिच्याच गालाचं हाड चाचपून पाहिलं. बहीण लाजली. चेहरा सुधारावा, पण तो घरातलाच वाटावा, हा त्यांचा कायमचा आग्रह.

दातांना तारा लावून वर्ष गेलं. मग डॉक्टरांनी नागपुरात एकाच शस्त्रक्रियेत खालचा जबडा मागे घेतला, वरचा पुढे आणला आणि गालाची हाडं उभारली. जबडे बांधलेले होते तोवर कुसुम नुसत्या पेजेवर राहिली. पुढे सूज उतरली, आणि एका सकाळी ओसरीवर ती मोठ्याने कविता म्हणू लागली. 'पाखरू' म्हणताना ओठाला ओठ टेकला. काय ती सकाळ! अजून स्वप्नात येते.

पुढे ऊर्जानगरच्या एका घराशी सोयरीक जुळली. साक्षगंधाला कुसुमने हट्टाने डॉक्टरांना बोलावलं आणि सगळ्यांदेखत अभिमानाने सांगितलं, "माझा चेहरा यांनीच नीट केला."

मुलाच्या काकांनी हातातलं पान खाली ठेवलं. "म्हंजे पहिले कसा होता? डॉक्टरसाहेब, खरं सांगा, हे लेकरांत उतरन काय?"

डॉक्टरांनी आधी कुसुमकडे पाहिलं. तिने 'सांगा' म्हणून मान हलवली.

"उतरू शकतं. उतरेलच असं नाही."

पाहुणे चपला शोधू लागले. बहीण फणकारली, "नाई म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"आत्या, त्याईले खोटं बोलाले लावतं काय?" कुसुम म्हणाली.

मांडलेल्या पंगतीत डॉक्टर एकटेच बसले. कुसुमने वाढलं. वाढलेलं सगळं संपेपर्यंत ते पानावरून उठले नाहीत. इतका खरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या खरेपणाचं मोल माझ्या लेकीने मोजलं, हेही खरंच.

त्यानंतर आमच्या दारी स्थळ आलं नाही. बातमी जातभर फिरली होती. कुसुम अंगणवाडीत मुलांना गाणी शिकवते आणि घरी आली की गप्प असते. गडचिरोलीकडे आले की डॉक्टर वाट वाकडी करून येतात, तिचा जबडा तपासतात, तिच्या हातचा चहा घेतात. तेवढा वेळ घरात बोलणं असतं.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात आनंदाचं लिहावं, हे मला कळतं. पण माझ्यापाशी तो उरला नाही. मी थकलो आहे, बहीणही थकली आहे. आमच्यामागे तिच्या चेहऱ्याकडे मायेने पाहणारं दुसरं कोणी मला दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मी स्वार्थानेच मागतो. होणार नाही हे ठाऊक असून मागतो: कुसुमपेक्षा एक दिवस तरी जास्त.