ड्रिल जिथं वळत नाही

पप्पा पुण्याच्या एका प्रदर्शनातून परतले ते मेटल प्रिंटिंगच्या प्रेमात पडूनच. पोलादाची पिठासारखी बारीक भुकटी पसरायची, लेझरनं हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर. थरावर थर चढत जातो आणि वस्तू तयार होते. त्यानंतर आमच्या पिंप्राळ्याच्या घरात काहीही मोडलं की ते म्हणायचे, "प्रिंट करू." कुकरचा दांडा तुटला तेव्हा आई म्हणाली, "आधी दोन भाकरी प्रिंट करून दाखवा, मग दांड्याचं बघू."

जळगावच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्यात ओततात ते साचे आम्ही बनवतो. इंजिनिअर होऊन आल्यापासून मी तिथं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करते. कानात हेडफोन असतात. त्यात बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं, पण ते दिसले की लोक माझ्याशी बोलायला येत नाहीत आणि आपसात मात्र मोकळेपणानं बोलतात.

पप्पांनी स्पीकरवर घेतलेला नानांचा फोन मी असाच ऐकला. नाना धुळ्याचे, आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. ठिबक सिंचनाच्या फिल्टरला बसणारी झाकणं बनवतात. आमच्या शेडमधलं निम्मं काम त्यांचंच. त्यांचं झाकण पेल्यासारखं खोल आहे, त्यामुळे साच्याच्या मधला दांडा, म्हणजे कोअर, तापून राहतो. झाकण लवकर काढलं की ते अंड्यासारखं लांबट होतं आणि फिल्टरवर गळतं. निवेपर्यंत थांबलं तर ऑर्डर पुरी होत नाही.

"भाऊ, सीझनना आधी काही करशी तं कर," नाना म्हणाले, "नही तं मी चालनू राजकोटले." राजकोटच्या एका साचेवाल्यानं त्यांना नवा साचा द्यायचं कबूल केलं होतं.

पप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "कोअर प्रिंट करू." मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा कुकरचा दांडा. पण विचार केला तेव्हा वाटलं, या वेळी ते बरोबर आहेत. कोअर थंड ठेवायला आत पाणी खेळवावं लागतं आणि त्यासाठी आम्ही ड्रिलनं भोकं पाडतो. ड्रिल सरळ जातं. टोकाजवळ, जिथं उष्णता साठते, तिथं वळून जायला त्याला जमत नाही. प्रिंटमध्ये पाण्याची वाट जिलबीसारखी फिरवता येते.

पप्पांनी स्वतः ड्रॉइंग केलं आणि पुण्याच्या प्रिंटिंगवाल्यांना पाठवलं. कोटेशन आलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि मागवलेला चहा तसाच निवू दिला.

"गेले नाना," एवढंच म्हणाले.

मी त्यांचं ड्रॉइंग उघडलं. आमच्याकडे वस्तू हाताला जड लागावी लागते. लोक नळाची तोटी घेतानासुद्धा आधी तळहातावर तोलून बघतात. म्हणून पप्पांचा हात सैल. पंगतीत वाढावं तसं ते प्रत्येक वस्तूत थोडं जास्तच पोलाद घालतात. इथंही भिंती जाड होत्या आणि कोअरच्या खालचा ठोकळासुद्धा त्याच तुकड्यात घेतला होता, मजबुतीसाठी. आमच्या मिलिंग मशीनवर याचं काही वाटत नाही. तिथं ठोकळा आयताच मिळतो, जे कोरून काढायचं त्याची मेहनत. प्रिंटमध्ये सगळं उलटं. जेवढं भरीव, तेवढा लेझरचा वेळ. म्हणजे ज्या जिलबीसाठी हे सगळं चाललं होतं ती जवळपास फुकट होती, आणि पैसे लागत होते ते ठोकळ्याला.

पुण्याच्या लोकांना मी ईमेलनं विचारलं. ईमेलमध्ये समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. ठोकळा आम्हीच इथं मिलिंगवर करायचा, भिंती बारीक करायच्या आणि फक्त वरचा अंगठ्याएवढा भाग प्रिंट करून घ्यायचा, असं ठरलं. प्रिंट खरबरीत येते, तेव्हा शेवटचा हात आमच्याच लेथवर. नवं कोटेशन आलं तेव्हा पप्पांनी माझ्या वाटणीचाही चहा पिऊन टाकला.

"चल धुळ्याला," ते म्हणाले. "तूच समजावून सांग नानांना."

मला वाटलं होतं, मी फक्त लॅपटॉप धरून उभी राहीन.

नानांच्या कारखान्यात पोचल्यावर आधी शेवभाजी झाली, कारण त्याआधी धंद्याचं बोलायचं नसतं. मग मी मशीनपाशी जाऊन उभी राहिले. ऑपरेटर साचा बंद करायचा, प्लॅस्टिक आत जायचं आणि तो मोबाईलवर रील बघायला लागायचा. रील संपायची, दुसरी सुरू व्हायची, झाकण अजून आतच. चालू दिसणारं ते मशीन खरं तर वाट बघत उभं होतं. तिकडे नाना पप्पांशी पोलादाचा भाव करत होते आणि त्यांचा पैसा जात होता या थांबण्यात.

मी नमुन्यासाठी प्लॅस्टिकचा कोअर नेला होता. नानांनी तो तोलून बघितला.

"इतलं हलकं? हाई लोखंड शे का पापड?"

"पोलादाचाच येईल, नाना," मी म्हटलं. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "आत पाणी फिरायचं म्हणून पोकळ आहे. मशीन आता जेवढं थांबतं ना, त्यातलं बरंचसं थांबणं जाईल."

नानांनी मशीनकडे पाहिलं. ऑपरेटरनं मोबाईल खिशात घातला.

"मंग बठ्ठंच छापी टाक!" नाना खुशीत म्हणाले. सगळं म्हणजे आमच्याकडेच बनलेले त्यांचे आणखी तीन साचेही, क्लिपांचे आणि चपट्या वॉशरांचे. पप्पांनी होकाराची मान हलवायला सुरुवात केलीसुद्धा.

"नको," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि आता थांबणं जास्त अवघड होतं. "वस्तू चपटी आहे, सरळ ड्रिल सगळीकडे पोचतं. तिथं प्रिंट केलं तरी मशीन आताएवढंच थांबेल. ड्रिल जिथं वळत नाही तिथंच प्रिंट."

नाना पप्पांकडे वळून हसले. "भाऊ, तुनी पोर तुनाच धंदा बुडावस!"

परत येताना पारोळ्याजवळ पप्पांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "त्या तीन साच्यांचंही काम मिळत होतं."

"हो."

"मग?"

"पुढच्या सीझनला त्यांनी विचारलं असतं, काय फरक पडला?"

पप्पांनी गिअर बदलला. बाकीचा रस्ता त्यांनी समोरच्या ट्रॅक्टरला नावं ठेवण्यात घालवला.

कोअर आला, आमच्या लेथवरून फिरला, साच्यात बसला. चाचणीला नानांनी मशीन लयीत येईपर्यंतची पहिली काही झाकणं बाजूला टाकली, मग एक उचलून स्वतः फिल्टरवर फिरवून बसवलं आणि पाणी सोडलं. झाकणाच्या कडेनं त्यांनी बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. मागे ऑपरेटर कुरकुरत होता की आता एक रीलसुद्धा धड पुरी होत नाही.

नानांनी तिथंच खिशातून मोबाईल काढला आणि राजकोटला फोन लावला. जोरात, गुजराती-हिंदी मिसळून, त्यांनी त्या साचेवाल्याची, त्याच्या मुलाबाळांची, तिकडच्या पावसाची चौकशी केली. शेवटी म्हणाले, "साचा रहने दो. जळगाव में हो गया."