डोकेदुखीचं चित्र

असोद्याला आमच्या शेजारच्या घरातला मुलगा सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन परत आला, तो डोकेदुखी घेऊनच. केळीच्या मळ्यातून तो कधीकधी भर दुपारी मधेच घरी यायचा, खिडक्या लावून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आजारातून उठल्यासारखा बाहेर पडायचा. फौजेतल्या डॉक्टरांनी कागदावर अर्धशिशी लिहिली होती. पण त्याच कागदावर खाली हेही होतं की या आजाराचा सेवेशी काही संबंध नाही. म्हणून त्याचा डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एका रविवारी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातात अपिलाचा फॉर्म.

"अक्का, इथं लिहायचं हाये की नेमकं काय होते. मी लिहिलं, डोकं दुखते. त्याच्यापुढे मले शब्दच सुचत नही."

"मग मी लिहून देऊ?"

"लिहू नका. काढून द्या. दुखायच्या आधी मले जे दिसते ते."

डोकेदुखीत काही दिसतं, हेच मला माहीत नव्हतं. आधी समोर एक ठिपका येतो, तो सांगू लागला. टिकलीएवढा. त्या जागचं काहीच दिसत नाही. मग ठिपका वाढत जातो आणि त्याच्या कडेला करवतीसारखे दाते फुटतात. चकचकीत, डोळे मिटले तरी दिसणारे.

शाळेसाठी आणलेले काळे कार्डशीट घरात होते. त्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं मी काढून पाहिलं. तो मान हलवत राहिला. "ही तं वीज झाली अक्का. वीज चमकून जाते. हे जात नही, थरथरत राह्यते." तीन रविवार गेले. खोडरबरानं कागद भुरा पडला, पण त्याच्या डोळ्यांपुढचं कागदावर येईना.

चौथ्या खेपेला मी त्यांच्या घरी बसले होते. त्याची बायको चहा ठेवायला आत वळली, तेवढ्यात तो ताठ झाला. "अक्का, कागद घ्या. आलं."

मी घाबरले. म्हटलं, "गोळी घे आधी, झोप."

त्यानं गोळी घेतली, पण झोपला नाही. कोऱ्या काळ्या कागदावर बोट ठेवून तो बोलत राहिला. "इथं. आता इकडे वाढलं. दाते बारीक काढा, बाहेरचे मोठे." त्याचं बोट सावकाश डावीकडे सरकत होतं आणि माझी पेन्सिल त्यामागून. मधेच माझ्याकडे बघून तो हसला. "तुमचा अर्धा चेहरा गेला अक्का."

दहा-पंधरा मिनिटांत काय येणार आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ओठ पांढरे पडत होते. तरी आवाज कापला नाही, बोट चुकलं नाही. मी आयुष्यभर मुलांना 'नीट बघा, मग काढा' असं सांगत आले. नीट बघणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी दिसलं. शेवटचा दाता कागदाच्या कडेबाहेर गेला तेव्हा तो म्हणाला, "झालं. हेच हाये." मग उठला आणि भिंत धरत आतल्या खोलीत गेला.

बायको चहाचा कप हातात धरून चित्राकडे बघत उभी होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. "हे दिसते यांले?" ती हळूच म्हणाली. "मले वाटे, नुसतं दुखते."

दोन दिवसांनी मी विचारलं, हे सुरू कधी झालं? बर्फातल्या एका चौकीवर तो घसरला होता, डोकं खडकावर आपटलं होतं. दोन दिवस औषधपाण्याच्या तंबूत ठेवून परत पाठवलं. त्यानंतर पहाऱ्यावर असताना पहिल्यांदा तो ठिपका आला आणि डावीकडचा अख्खा उतार नाहीसा झाला. वर कळवलं असतं तर खाली धाडलं असतं. सोबत्यांना वाटलं असतं, थंडीला भ्याला. म्हणून जोडीदाराला फक्त एवढंच सांगितलं की डावीकडे मला कमी दिसतंय. जोडीदारानं काही विचारलं नाही. तो हिवाळाभर याच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

तो जोडीदार आता शिंदखेड्याला शेती करतो. आम्ही अमळनेरला एसटी बदलून त्याच्याकडे गेलो. त्यानं चित्र दोन्ही हातांत धरलं. "हाई काय शे?" त्यानं अहिराणीत विचारलं. हवालदारानं सांगितलं. जोडीदारानं चित्र उजेडात नेलं. मग म्हणाला, "याले डावीकडे कमी दिसस, इतलंच माले माहीत व्हतं." त्याच आठवड्यात त्यानं धुळ्याला जाऊन शपथपत्र करून दिलं: घसरणं, डोक्याचा मार, त्यानंतरचे पहारे, सगळं.

अपिलासोबत आम्ही चित्र आणि शपथपत्र जोडलं. काही महिन्यांनी लष्करी रुग्णालयात फेरतपासणीला बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं, असं त्यानं परत आल्यावर सांगितलं. मग त्यांनी कुणी न सांगता मधल्या ठिपक्यापासून डावीकडे बोट फिरवलं आणि विचारलं, "इथपर्यंत यायला किती मिनिटं लागतात?" तो म्हणाला, "अक्का, मले रडूच आलं. त्यांले ठाऊक होतं." नुसत्या चित्रावर काही ठरत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्यांनी चौकीवरच्या त्या तंबूतल्या दवाखान्याची जुनी नोंद मागवली, आणि ती सापडली.

निकालाचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन थेट माझ्याकडे आला. इंग्रजी पत्र होतं. सेवेमुळे आजार बळावला, असं त्यात मान्य केलं होतं, आणि पेन्शन मंजूर झाली होती. ते वाक्य त्यानं मला तीनदा वाचायला लावलं. पेन्शन किती, हे विचारलंच नाही.

"म्हणजे मी बहाणा करत नव्हतो, असं लिहिलं ना?"

"असंच लिहिलंय."

त्यानं पत्राची घडी केली आणि ओट्यावर नुसता बसून राहिला. नव्या औषधानं दुखणं आता कमी झालंय, गेलेलं नाही. महिन्यातून एखाद्या दुपारी त्यांच्या खिडक्या लागतात. अशा वेळी त्याची बायको दाराशी खुर्ची टाकून बसते, आणि गल्लीतून जाणारे मोटरसायकलवाले तिला बघून हॉर्न न वाजवता पुढे जातात.