परमिट रूमच्या वरचं बिऱ्हाड

किस्से गोळा करावे लागत नाहीत. घर परमिट रूमच्या वर असलं की ते आपोआप जिना चढून येतात! अठ्ठ्याण्णवच्या सुमारास रत्नागिरी साडेनऊला झोपायची. जागी असायची ती फक्त आमची स्टँडमागची गल्ली. खाली परमिट रूम, समोर एसटीडी बूथ, कोपऱ्यावर आम्लेटपावाची गाडी.

आमच्या सौ., सुनंदाला एकच घोर. "बारवर राहणाऱ्यांची मुलगी कोण करून घेणार?" वैशालीला बघायला आलेली दोन स्थळं खालचा बोर्ड वाचून जिन्यावरूनच परत गेली होती. मलाही ते फार लागलं होतं.

•

परमिट रूमचे मालक अण्णा, सज्जन माणूस. सुनंदा एकदा त्यांना म्हणाली, "अण्णा, गाणी जरा बारीक ठेवा." त्यांनी टेप बंदच केला.

दहा मिनिटांत ही गॅलरीतून म्हणाली, "अण्णा, गाणी लावा!" टेबलांवरचं बोलणं आता शब्दन् शब्द वर येत होतं.

•

अकरानंतर एसटीडीचा दर उतरायचा आणि बूथवर रांग लागायची. बाळूदादा तर मुंबईच्या भावाशी असे बोलत, की फोनची गरजच नव्हती. एका रात्री ते फोन ठेवणार, तेवढ्यात सुनंदा वरून म्हणाली, "दादा, आईच्या गोळ्यांचं सांगायचं राहिलं."

"व्हय की वैनी," म्हणत दादांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

•

फायदेही होतेच. वैशालीचा पाय मुरगळला तेव्हा रात्री बारा वाजता अण्णांकडून बर्फ आला. वेटरने सवयीने चिमटा, लिंबाच्या फोडी आणि खारे शेंगदाणेही आणले होते. शेंगदाणे आम्ही ठेवून घेतले.

•

तिसरं स्थळ मंडणगडचं. मुलगा वैशालीला मनापासून आवडला होता, पण वडील निवृत्त गुरुजी, फार कडक. सुनंदाने डोकं चालवून त्यांना दोन ऑक्टोबरला बोलावलं. ड्राय डे! शटर बंद, बोर्डावर अण्णांनी स्वतः चादर टाकली.

गुरुजींनी पोहे खाल्ले, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते मुलीच्या आईबापांना सांगावं लागत नाही. वैशाली डोळे पुसत आत गेली.

निघताना गुरुजी सहज गॅलरीत आले. वाऱ्याने चादर घसरली होती. त्यांनी वाकून खालचा बोर्ड सावकाश वाचला. सुनंदाने माझा हात घट्ट धरला.

"आज बंद का?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"ड्राय डे ना. उद्या अकराला उघडतं," सुनंदा बोलून गेली.

गुरुजी जिना उतरून गेले. मुक्काम गावातच बहिणीकडे होता, परतीची गाडी सकाळी सातची.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला गुरुजी बडीशेप चघळत आमचा जिना चढून आले आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे."