मामांची झडप

माझे मामा बस चालवायचे. डोंगरावरच्या वस्तीतून खालच्या शहरात आणि परत वर, उभ्या नोकरीत तोच एक रस्ता. सख्खे मामा माझे, पण त्या रस्त्यावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे, वयाने मोठी माणसंसुद्धा. मामी म्हणायची, "एवढी भाचरं पोसायची तर रजा कुठून मिळणार?"

गाडी ते इतकी सावकाश चालवायचे की घाईतली माणसं मागच्या बसची वाट बघत थांबायची. मामांना त्याचं काहीच वाटत नसे. "उतारावर घाई गाडीला असते, माणसाने ती करू नये," एवढंच म्हणायचे.

तरीही एकदा नको ते झालं. पुढे एक लादलेला ट्रक रखडत चालला होता, त्याच्यामागे मामांना अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरावा लागला. मधल्या वळणावर करपल्याचा वास आला आणि ब्रेकचं पेडल जे खाली गेलं ते वर येईना. ब्रेक सारखा दाबला की तापतो आणि फार तापला की धरत नाही. मामांनी एकेक गिअर खाली आणला. इंजिन किंचाळलं, बस थोडी आवरली, पण थांबेना. रस्त्याच्या कामासाठी कडेला खडीचा ढीग टाकला होता, त्यात त्यांनी बस घुसवली.

कुणाला खरचटलंही नाही. फक्त एका म्हातारीची टोपलीभर अंडी फुटली. ती खाली उतरून मामांसमोर उभी राहिली. "ब्रेक तुझा गेला, तर अंडी माझी का गेली रे?" मामांनी तिची टोपली धुऊन दिली.

त्यानंतर हाक मारली तर ते दुसऱ्या हाकेला ओ द्यायचे. एका सुट्टीच्या दिवशी मामीला घेऊन आमच्याकडे आले असताना माझ्या सायकलमध्ये हवा भरत बसले होते. मध्येच थांबले. पंपाच्या नळीवर अंगठा घट्ट दाबून धरला आणि दांडा रेटून बघितला. दांडा जाईना. परत रेटला.

"दाजी," त्यांनी बाबांना हाक मारली, "इंजिन म्हणजे तरी काय, पंपच की. त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला तर?"

बाबांचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान होतं. धूर बाहेर पडणाऱ्या नळ्यांत त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे त्यांना लगेच कळलं. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तेव्हा धुराची वाट अडवली, तर इंजिनाला श्वास सोडायला जोर पडेल, ते चाकांना मागे ओढेल, आणि ब्रेक गार राहील. त्याच संध्याकाळी दोघांनी नळीत बसेल अशी पत्र्याची गोल झडप कापली. तिला तार बांधली आणि ती तार बाबांच्या जुन्या डिझेल टेम्पोत ड्रायव्हरच्या हाताशी आणली.

पहिल्या खेपेला झडप लावताच इंजिन घुसमटून बंद पडलं. मामी कठड्याला टेकून बघत होती.

"खीळ घातल्यावर गाडी थांबणारच," ती म्हणाली, "त्यात शोध कसला?"

"अगं, थांबवायची नाही, आवरायची आहे."

"मला इतकी वर्षं जमलं नाही ते पत्र्याला जमणार होय?"

मग मामांनी झडपेला मधोमध एक भोक पाडलं, थोडा श्वास सुटावा म्हणून. शाळेमागच्या उतारावर टेम्पो सोडला, तार ओढली. टेम्पो गुरगुरला आणि बैलाने मान आखडावी तसा मागे रेलून उतरत गेला. मामांचे दोन्ही पाय मोकळे होते. ते त्यांनी बाबांना वर उचलून दाखवले.

बस डेपोत इंजिनिअर मॅडम नव्याच आल्या होत्या. मामा टेम्पो घेऊन त्यांच्याकडे गेले, बाबा बरोबर होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, शेजारी बसून उतारावर एक फेरी मारली आणि मग त्या खाली उतरून चपलेने माती उकरत राहिल्या.

"मामा, कसं सांगू. हा ब्रेक आधीच निघालेला आहे. फार जुना शोध आहे. मोठ्या ट्रकना असतो."

बाबांचा चेहरा उतरला. मामा नुसतेच झडपेकडे बघत होते. मॅडमनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "हे भोक का पाडलंत?"

"त्याशिवाय इंजिन गुदमरतं."

"त्या ब्रेकलाही असं भोक असतं."

मामा हसायला लागले. "ऐकलंत ना दाजी? भोकसुद्धा तेच." घरी येईपर्यंत ते हसतच होते. कुठल्या तरी देशातला, कधीचा तरी माणूस असाच इंजिन बंद पाडून बसला असेल आणि त्याचीही बायको कठड्याला टेकून बोलली असेल, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता.

मामीला मात्र हसू आलं नाही. नवऱ्याची थट्टा करायचा हक्क तिचा, बाकी कुणाचा नाही. तिने ताट वाढता वाढता विचारलं, "इतका जुना आहे, तर तुमच्या बसला का नव्हता?"

मामांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न, मामीचा म्हणूनच, मॅडमना विचारला. मॅडम म्हणाल्या, "बरोबर विचारलं त्यांनी." जुन्या बस तशाच आल्या होत्या आणि तशाच चालत राहिल्या होत्या. मॅडमनी वरच्या कचेरीत मागणी लावून धरली. ती दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मॅडम स्वतः गेल्या, सोबत मामांनाही घेऊन. पुढच्या हिवाळ्यात घाटातल्या सगळ्या बसना कारखान्यात बनलेले ते ब्रेक बसले. नव्या ड्रायव्हरांना ते शिकवायचं काम मामांकडे आलं. "ब्रेक थांबण्यासाठी, इंजिन आवरण्यासाठी," हे एवढं ते इतक्यांदा म्हणायचे की आपोआप त्याची एक चाल झाली होती.

त्यानंतरही त्यांना काहीबाही सुचत राहिलं, आणि दर वेळी कुणीतरी आधी पोहोचलेलं असायचं. त्याचा त्यांना राग येत नसे. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

आता ते निवृत्त आहेत. मागच्या महिन्यात घाटात विजेवर चालणारी बस आली. मामांना घेऊन मी मुद्दाम गेले. उतारावर ड्रायव्हरने त्यांना काट्याकडे बोट दाखवून सांगितलं, की ब्रेक लावला की चाकंच मोटर फिरवतात आणि बॅटरी भरत जाते. मामा दांडीला धरून, वाकून, काटा वर चढताना बघत राहिले. खालचं शहर आलं तरी उतरेनात.

"हे मला नसतं सुचलं," ते म्हणाले, आणि वर जाणाऱ्या फेरीचं तिकीट काढायला त्यांनी मला पिटाळलं.