उजवीकडचे चक्रवाक

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते आणि दर हिवाळ्यात पक्षी मोजायला जाते. मी बारामतीजवळ जळोचीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो आणि रविवारी उशिरापर्यंत झोपतो. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तिचे पक्षी आणि माझी झोप एकमेकांच्या वाटेला कधी गेले नव्हते. त्या वर्षी मात्र तिच्याबरोबर नेहमी जाणाऱ्या, तिच्याच शाळेतल्या बाई मोजणीच्या आदल्या दिवशी तापाने फणफणल्या.

"तुम्ही चला," बायको म्हणाली. "दोन माणसं लागतात. मी बघीन, तुम्ही लिहा."

"कुठं?"

"शनिवारी सुप्याचा माळ. रविवारी उजनीचं पाणी. होडीतून."

मी हो म्हणालो. मला पोहता येत नाही हे तिला माहीत होतं. पण मला पाण्याची भीती वाटते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांचा असताना पाठीला रिकामा डबा बांधून कालव्यात पोहायला शिकत होतो. दोरी सुटली. डबा एकीकडे गेला आणि मी दुसरीकडे. कुणीतरी केसाला धरून वर ओढलं. तेव्हापासून विहिरीवरची मोटर दुरुस्त करायची असली तरी मी शेतकऱ्याला म्हणतो, वर आणून द्या, मग बघतो. कंबर दुखते असं कारण सांगतो. बायकोलाही तेच कारण ठाऊक होतं.

शनिवारी आभाळ गच्च भरलेलं होतं. हिवाळ्यात पाऊस नको तेव्हा येतो तसा तो आला, झिरमिर झिरमिर, आणि वर गार वारा. सुप्याच्या माळावर गवत भिजून आडवं झालं होतं. थंडीत तिकडे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात आणि संध्याकाळी गवतातच मुक्कामाला उतरतात. ते उतरताना मोजायचे असतात. आम्ही दोन तास एका बाभळीच्या आडोशाला उभे होतो. माझे बूट आतून ओले झाले. तीन भोवत्या आले. मी तीन लिहिले.

एक म्हातारे गृहस्थ चार-पाच शेळ्या घेऊन परतत होते. डोक्यावर पोत्याची खोळ. आमच्याजवळ थांबून म्हणाले, "ती घारीवानी पाखरं बघताय व्हय? काल धा-बारा व्हती की हितं. आज पावसानं दडल्यात."

ते गेल्यावर मी बायकोला विचारलं, "दहा लिहू?"

तिने दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे पाहत असेल. "आपण किती पाहिले?"

"तीन."

"मग तीन."

मला वाटलं, काय बिघडणार आहे? म्हातारा कशाला खोटं बोलेल? पण मी तीनच ठेवले. अंधार पडायच्या आत आम्ही बारामतीला परतलो. रात्री तिच्या पक्षीमोजणीच्या गटातल्या सरांचा फोन आला. उद्या धुकं असेल, हवा वाईट वाटली तर पाण्यात जाऊ नका, असं ते म्हणाले. ती म्हणाली, "काठावर जाऊन बघतो." मी शेजारीच होतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं की नको जाऊया. मी म्हणालो नाही.

रविवारी सहाला निघालो. भिगवणच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट होतं की मोटारसायकलचा उजेड हातभर पुढे जाऊन थांबत होता. कारखाने चालू होते, त्यामुळे ऊस भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरच होत्या. मागे लाल दिवा नाही, काही नाही. एकदा तर उसाची लोंबती वाढी, शेंड्याची पाती, थेट माझ्या हेल्मेटला घासून गेली, तेव्हा कळलं की पुढे ट्रॉली उभी आहे. मी गाडी बाजूला घेतली. बायको मागून म्हणाली, "हळू चला, वेळ आहे." आणि मला तिचा राग आला. परत जाऊ असं तिने म्हणावं, अशी मी वाट बघत होतो.

इंदापूर तालुक्यातल्या पाण्याकाठच्या त्या गावात पोचलो तेव्हा धुकं जरा उचललं होतं. पाणी दिसत होतं, शिशासारखं करडं. होडीवाले आबा साठीचे असतील. कानटोपी, वर मफलर, खाली अनवाणी पाय. आयुष्य मासेमारीत गेलेलं. बायको दरवर्षी त्यांच्याच होडीतून जाते.

"आबा, जायचं का? कसं वाटतंय?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "आत्ता बरं हाय. पर भरवसा न्हाय बाई. तासाभरात जाऊन येऊ. लांब न्हाय जायाचं."

होडीत नारिंगी जाकिटं दोनच होती. एकाचं बकल तुटलेलं. बायकोने चांगलं माझ्या अंगात चढवलं आणि तुटकं स्वतः घेऊन सुतळीने बांधलं. मी नको म्हणालो नाही. हे आजही आठवलं की मान खाली जाते.

इंजिन सुरू झालं. काठ मागे सरकला तशी मी फळीची कड दोन्ही हातांनी पकडली. मग वही पडायला लागली म्हणून एक हात सोडला. पहिला अर्धा तास बरा गेला. बायको सांगत होती, मी लिहीत होतो. चित्रबलाक बावीस. शेकाट्या एक्केचाळीस. पाण्यातून वर आलेल्या एका वठलेल्या झाडावर पाणकावळे बसले होते, ते तिने तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. माझ्याकडे बघून ती हसली. मीही हसलो असेन.

मग एका चिखलाच्या बेटापाशी आलो. बेटाच्या डावीकडे बदकांचा मोठा थवा होता, उजवीकडे दूरच्या काठाला तांबूस पट्टा दिसत होता. "चक्रवाक!" ती हळू आवाजात म्हणाली. "मी डावीकडचं घेते, नाहीतर उडून जातील. तुम्ही उजवीकडचे मोजा. ही घ्या." तिने गळ्यातली जुनी दुर्बीण मला दिली. चक्रवाक ओळखायला सोपे, नारिंगी अंगाचे, फिकट डोक्याचे. मी एक, दोन करत अकरापर्यंत आलो आणि दुर्बिणीत पांढरं काहीतरी आलं. मला वाटलं काच धुरकटली. डोळ्यांवरून काढली, तर काठच नव्हता. धुकं पाण्यावरून चालत येत होतं.

"आबा, ते बघा," मी म्हणालो.

"दिसलं," आबा म्हणाले. "बाई, आता फिरावं लागंल."

"दोन मिनिटं," बायको म्हणाली. "धुकं थोडं जाईल पुढं, मग उजवीकडचं राहिलेलं बघू. तुमचे झाले का हो?"

माझे झाले नव्हते. झाले नाहीत म्हटलं असतं तर ती थांबली असती. हे मला पक्कं माहीत होतं. वर्षभर ज्या दिवसाची ती वाट बघते, त्या दिवशी ती धुकं हटेपर्यंत बसून राहिली असती, आणि माझ्या पायाखाली तेवढ्याशा फळीच्या खाली ते पाणी होतं.

"झाले," मी म्हणालो. "एकशे चाळीस."

"एकशे चाळीस?" तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "गेल्या वर्षी साठसुद्धा नव्हते. लिहा, लिहा."

मी लिहिलं. आबांनी होडी वळवली.

पाच-सात मिनिटांत सगळं पांढरं झालं. आबांचा चेहरा मला दिसत होता, त्यांच्या मागचं इंजिन धूसर. मग खाली काहीतरी खरखरलं, इंजिन घुसमटल्यासारखं झालं आणि बंद पडलं.

"जाळं," आबा म्हणाले. "पंख्यात गेलं कुणाचं तरी." त्यांनी खिशातून चाकू काढला. "साहेब, हिकडं या. माझी कंबर धरा. बाई, तुमी पुढं फळीवर जाऊन बसा, न्हायतर होडी मागं बसंल."

मला उठायचं होतं. पाय उठत नव्हते. बायको पुढच्या टोकाला सरकली आणि मला म्हणाली, "जा ना!" मी बसूनच घसरत मागे गेलो आणि आबांच्या कमरेला मिठी मारली. ते मागे वाकले, अर्धे होडीबाहेर, खांद्यापर्यंत दोन्ही हात पाण्यात. होडी एका बाजूला कलली. पाणी कडेपासून चार बोटं खाली होतं. माझ्या नाकाशी आबांच्या ओल्या स्वेटरचा वास होता. जाळ्याच्या दोऱ्या कापताना ते मोजत होते की देवाचं नाव घेत होते, मला कळलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी ते वर आले, निळे पडलेले हात काखेत धरून बसले आणि म्हणाले, "सुटलं."

पण इंजिन सुरू केलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"तोंड कुठल्या अंगाला हाय आपलं? तेवढ्यात होडी फिरली. चुकून मधल्या पाण्याला लागलो तर वारा सुटल्यावर अवघड व्हईल." मग बायकोकडे वळून, "फोन हाय का कुणाचा? माझा भिजला."

माझ्या फोनवर रेंजची एकच कांडी होती. आबांनी नंबर तोंडपाठ सांगितला. त्यांच्या सुनेने उचलला. आबा ओरडले, "काठावर जा अन् डबा बडव! थांबू नगंस!"

आम्ही कान देऊन बसलो. कुठेतरी रेल्वेचा भोंगा वाजला, पण तो सगळ्या बाजूंनी आल्यासारखा वाटला. बायको माझ्या शेजारी आली. माझा हात तिने हातात घेतला आणि तिला कळलं. माझा हात थंडीने नव्हे, वेगळाच कापत होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

मग आवाज आला. टण, टण, टण. अगदी बारीक. आबांनी मान वळवली, बोटाने दिशा दाखवली आणि इंजिन चालू केलं. थोडं जायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं, पुन्हा जायचं. दोनदा आवाज हरवला. तिसऱ्यांदा तो एकदम जवळून आला आणि धुक्यातून हिरवी साडी दिसली. आबांची सून गुडघाभर पाण्यात उभी राहून तेलाचा पत्र्याचा डबा लाटण्याने बडवत होती.

आबांच्या घरी चुलीपुढे बसून चहा पीत होतो तेव्हा बायकोने गटातल्या सरांना फोन लावला. आम्ही सुखरूप आहोत हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, "सर, चक्रवाक एकशे चाळीस!" मी कपात बघत राहिलो. तेव्हाही बोललो नाही. वाटेत बोललो नाही. घरी आल्यावर ती जेवली आणि ओली वही उलगडून मोजणीचा तक्ता भरायला बसली. दुपारचे तीन वाजले असतील.

"चक्रवाक अकराच होते," मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं.

"म्हणजे अकरा मोजले. पुढचे दिसले नाहीत. आकडा मी असाच सांगितला. परत फिरायचं होतं मला." मग कालव्याचं सांगितलं, डब्याचं, कमरेच्या दुखण्याचं. सगळं एका दमात, तिच्याकडे न बघता.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "भीती वाटत होती तर तसं म्हणायचं."

"म्हटलं असतं तर फिरली असतीस?"

हो म्हणेल असं वाटलं होतं. तिने विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. "आबा फिरा म्हणाले तेव्हासुद्धा मी दोन मिनिटं मागितली."

तिने सरांना पुन्हा फोन केला. "सर, आमच्याकडून चूक झाली. चक्रवाक अकरा. दाट धुकं, मोजणी अपुरी." आमच्याकडून, असं म्हणाली. सर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना तिचे कान लाल झाले होते. त्या संध्याकाळी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "चांभाराकडून बकल बसवून मिळेल का हो, की दुसरं जाकीटच घ्यावं?" दुसरं जाकीट घेऊ, मी म्हणालो. ते घेऊन पुढच्या आठवड्यात आम्ही आबांना नेऊन दिलं. सुनेला साडी दिली. ती लाजून म्हणाली, "डबा वाजवल्याची कशाला साडी?"

आता दरवर्षी मी जातो. तिच्या शाळेतल्या त्या बाई बऱ्या झाल्या, तरी मीही जातो, तिसरा म्हणून. धुकं दिसलं की मी मोठ्याने म्हणतो, "फिरा," आणि आबा फिरवतात. माझ्या बाजूचा आकडा मी सांगतो तेव्हा बायको लिहिण्याआधी क्षणभर थांबते. पहिल्या वर्षी ते लागायचं. अजूनही थोडं लागतं. मी पुन्हा दुर्बीण लावतो आणि पहिल्यापासून मोजतो.