दाताचं वय

मुखेडच्या कोर्टाच्या दारात व्यंकटी उभा राहिला की लिंबाखालची सगळी कुजबुज बंद पडायची. अंगात पांढरा सदरा, छातीवर आडवा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, तोंडात चुना लावून मळलेली तंबाखू. ती तो डाव्या गालात सरकवायचा, मान वर करायचा आणि सोडायचा आवाज: "दत्ता नागोराव हाऽऽऽजीर हाय काऽऽ?" त्या 'हा'ला असा काही हिसका असायचा की बसस्टँडवर नुकता उतरलेला माणूसदेखील आपलं नाव काय आहे ते एकदा मनात तपासून घ्यायचा.

पुकाऱ्यात पाटील नसतो, शेठ नसतो, साहेब नसतो. कागदावर असेल ते नाव, तीनदा. व्यंकटीच्या बापाला गावातल्या ज्या माणसाच्या ओट्यापुढं जन्मभर चपला हातात घेऊन उभं राहावं लागलं, त्या माणसाचं नाव एकदा बांधाच्या भांडणात निघालं. पहिल्या हाकेला तो चहा पीत होता. दुसऱ्या हाकेला त्यानं कप खाली ठेवला. तिसऱ्या हाकेला धोतराचा सोगा धरून तो पायऱ्या चढत पळत आला आणि व्यंकटीपुढं हात जोडून म्हणाला, "आलो, आलो बाबा." त्या संध्याकाळी व्यंकटीनं बायकोला, सरजाबाईला, ते पळणं चारदा करून दाखवलं. सोग्याऐवजी टॉवेल धरला होता. सरजाबाई पदर तोंडात कोंबून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "मामंजी पायजे होते बगायला."

तेव्हापासून व्यंकटीला ते दार जिवापेक्षा प्यारं झालं. रिटायर व्हायला अजून चार वर्षं होती. म्हणजे कागदावर.

खरं वय गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर आईच्या मागं खडीची टोपली उचलणारं आठ वर्षांचं पोरगं म्हणजे व्यंकटी. पुढं दोन वर्षांनी बापानं शाळेत नेलं. तेव्हा जन्मतारखेचा दाखला नसायचा. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं. व्यंकटीचा हात कान ओलांडून पार गालापर्यंत आला. गुरुजी म्हणाले, "माधवा, हे पोरगं हाय का वासरू?" मग हसत हसत लिहिलं: जन्म एक जून एकोणीसशे अडुसष्ट. पहिलीत बसायला सहाच वर्षं लागतात, संपलं. अशा रीतीनं चार वर्षं गुरुजींच्या दौतीत बुडाली आणि व्यंकटी तितका तरुण झाला.

निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनलाच असतो. त्याचं व्यंकटीला काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते बालविवाहाच्या एका खटल्यापासून. नवरीच्या शाळेच्या दाखल्यावर एकोणीस वर्षं होती. सरकारी वकिलांनी तिच्या दाढांचा फोटो काढायला लावला आणि नांदेडच्या डॉक्टरनं साक्ष दिली की पोरगी सोळाच्या आतली. व्यंकटी दारात उभा राहून ऐकत होता. सरकारी वकील बोट नाचवत म्हणाले, "साहेब, कागदाला माणूस शिकवू शकतो. दाताला कोण शिकवणार? दात खोटं बोलत नाहीत!"

नवरीचा सासरा जेलात गेला. व्यंकटी घरी गेला आणि आरशापुढं तोंड उघडून बराच वेळ उभा राहिला.

"काय बगायलाव ओ?" सरजाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. साक्षीदार मोजायलोय."

त्या रात्रीपासून त्याला एकच स्वप्न. तो लिंबाखाली बसलाय, दारात दुसराच कोणी पट्टा घालून उभा आहे आणि पुकारतोय: व्यंकटी माधव हाजीर हाय का.

तर असा हा व्यंकटी दाताच्या दवाखान्यात कसा गेला? मोठे साहेब तपासणीला येणार होते. हेडक्लार्क शेषेराव कुलूप तपासावं तसं प्रत्येकाला तपासत हिंडत होते. व्यंकटीपुढं थांबले. "व्यंकटी, तोंड उघड. अरारारा! हे दात हायेत का चुलीच्या मागची भिंत? साहेबापुढं असं हसलास तर माझा गोपनीय अहवाल काळा होईल. जा, साफ करून ये."

स्टँडाच्या मागं मोबाईलच्या दुकानावर डॉक्टर दीपमालाचा नवा दवाखाना होता. लातूरला शिकून आलेली, रूपालीएवढी, म्हणजे व्यंकटीच्या लेकीएवढी पोरगी. बाहेर बसलेल्या बाईनं रजिस्टर उघडलं. "नाव? गाव? वय?"

छप्पन्न म्हणायला कितीसा वेळ लागतो? व्यंकटीला लागला.

खुर्चीत पडल्यावर दिवा तोंडावर आला. "काका, उघडा. अजून. अजून उघडा ना."

"एवढंच उघडतंय, म्याडम."

"पुडी खाता?"

"पुडी न्हाई. मळलेली. घरची शेती असल्यासारखी."

ती हसली नाही. आरसा आत घालून थांबली. "डावीकडची शेवटची दाढ हलतेय. तिच्या बाजूला जखम आहे. कधीपासून?"

"गाल चावला आसंल. झाले दोन-तीन म्हैने."

"तीन महिने गाल चावत नाही कोणी, काका. मला दाढेखालचं हाड बघायचंय. एक फोटो काढू. दोन मिनिटं."

व्यंकटी ताडकन उठून बसला. दिव्याला डोकं लागलं. "फोटो न्हाई."

"दुखत नाही हो."

"दुखण्याचं न्हाई."

"पैशाचं असेल तर नका देऊ."

"पैशाचं बी न्हाई."

"किरणांना घाबरता? अहो, काही होत नाही त्यानं..." आणि ती पोपटासारखी धडा म्हणायला लागली. व्यंकटीनं मधेच विचारलं, "फोटो कुठं ठेवता?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"नावासगट?"

"हो. नाव, वय, तारीख..."

"वय बी!" व्यंकटीनं दोन्ही हात जोडले. "म्याडम, तुम्ही माझ्या लेकीवानी हाव. वरवरचं घासा, घासून सोडून द्या. खालचं नका बघू."

"वरवरचं घासून खालचं बरं होतं का?"

"साहेब वरवरचंच बगणारेत."

शेवटी तिनं कार्डावर लिहिलं: रुग्णाने एक्स-रे काढण्यास नकार दिला. "इथं सही करा." सही म्हटल्यावर व्यंकटीला हायसं वाटलं. ही भाषा त्याची होती. झोकात सही ठोकून तो पुन्हा आडवा झाला. मशीन घुरघुरलं, पाणी उडालं, थुंकीत रक्त आलं. जाताना ती म्हणाली, "पंधरा दिवसांत जखम भरली नाही तर मी ऐकणार नाही."

तपासणीला मोठ्या साहेबांनी पंखे बघितले, कपाटं बघितली, संडास बघितला. दारात व्यंकटी पांढरे दात दाखवत उभा होता. साहेब फोनवर बोलत निघून गेले.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. जखम भरली नाही. हळद झाली, लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या. तंबाखू उजव्या गालात गेली. भाकरी दुधात बुडवल्याशिवाय जाईना.

"जा की ओ त्या पोरीकडं," सरजाबाई म्हणायची.

"ती फोटो काढती."

"काढू द्या की."

"तुला काय कळतंय? नोकरी जाईल. खोटं वय लावून सरकारला फसवलं म्हणून मलाच उभं करतील पिंजऱ्यात."

"अन् तोंड गेलं मंजे?"

व्यंकटी तुरटीच्या गुळणीला उठायचा. सरजाबाईही मग विषय सोडायची, कारण नोकरी गेलेल्या नवऱ्याची भीती तिलाही होती. पुढं कितीतरी दिवस ते सोडून देणं तिला टोचत राहिलं.

दिवाळीपर्यंत तोंडात दोन बोटं जाईनात. 'हा' ताणता येईना. ज्युनिअर वकील पायरीवर उभे राहून नाक दाबून त्याची नक्कल करायचे: "अत्ता आगोआव आजी आय आ?" शेषेराव म्हणाले, "काय व्यंकटी, मोबाईल सायलंटवर टाकलास का?" सगळे हसले. व्यंकटी हसायला गेला, पण गाल हलला नाही.

मग गुणाबाईची तारीख आली. गुणाबाई सत्तरीची विधवा. दिरांनी विहिरीतला हिस्सा दाबला म्हणून सात वर्षांपासून भांडत होती. दर तारखेला पहाटेची एसटी, लिंबाखाली गोणपाट, त्यावर ती. ऐकू जरा कमी यायचं, पण व्यंकटीचा आवाज तिला कधी चुकला नव्हता. त्या दिवशी तिचा वकील नांदेडला गेला होता. आतून नाव आलं. व्यंकटीनं मान वर केली, जबडा ओढून बघितला आणि जे बाहेर आलं त्यानं जवळचं कबूतरही उडेना. एकदा, दोनदा, तीनदा. दहा पावलांवर गुणाबाई पान जुळवत बसली होती. व्यंकटी तिला हात करणार, तेवढ्यात आतून साहेबांनी पुढच्या प्रकरणासाठी घंटी मारली. तो आत धावला. बाहेर येईस्तोवर झालं होतं: वादी गैरहजर, दावा काढून टाकला.

चार वाजता गुणाबाई दाराशी आली. "माझं आज न्हाई का रे निघालं?"

शेषेरावांनी मान खालीच ठेवून सांगितलं, "निघालं अन् गेलं, म्हातारे. तीनदा पुकारा झाला. आता अर्ज कर. चालू होईल परत, वर्ष-दीड वर्षात."

गुणाबाई व्यंकटीकडं बघत राहिली. "मी तर तुझ्याच आवाजाची वाट बगत बसले होते, बाबा. तू पुकारलाच न्हाईस."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती गोणपाटाची घडी घालून एसटीला गेली.

घरी येऊन व्यंकटीनं पट्टा खुंटीला टांगला आणि जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यातून म्हणाला, "सरजे, फोटो काढायचा."

दीपमालानं आरसा आत घालायचा प्रयत्न केला. आरसा गेला नाही. जबड्याखाली आलेल्या गाठीवर तिनं बोट ठेवलं आणि उचललं. "आता हे माझ्याकडचं राहिलं नाही, काका," ती म्हणाली आणि लातूरच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहायला बसली. लिहिताना तिला आपलंच जुनं कार्ड सापडलं, त्याच्यावरची झोकदार सहीही. तिनं ते पालथं ठेवलं.

लातूरला मशीन डोक्याभोवती गोल फिरलं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. उजवीकडचा जबडा अखंड होता. डावीकडचा वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखा. डॉक्टर सांगत होते: कापावं लागेल, अर्धा जबडा, मग किरणांचा शेक, मग बघू. व्यंकटी फोटोकडं टक लावून होता. त्यानं काहीतरी विचारलं. डॉक्टरांना कळेना.

सरजाबाईनं सांगितलं, "त्ये इचारायलेत, फोटोत वय किती दिसायलंय?"

"कुणाचं वय?"

मग तिनं सगळं सांगितलं. गुरुजी, कान, एक जून, नवरीच्या दाढा. डॉक्टर ऐकत ऐकत खुर्चीत मागं टेकले. "अहो मावशी, ते पोरांचं कळतं. अक्कलदाढ येईस्तोवर. पंचविशीनंतर छप्पन्न का साठ, दात काय सांगणार? अन् सांगितलं तरी कोण विचारतंय? माझ्या वडिलांची बी तारीख एक जूनच हाय."

"मंग तवाच फोटो काढला असता तर?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "तेव्हा दाढ गेली असती, थोडं हाड गेलं असतं. आवाज राहिला असता."

ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डाच्या दारात एक माणूस आला आणि कागदात बघत पुटपुटला, "व्यंकटी माधव." ना दम, ना हेल. व्यंकटीची मान आपोआप वर झाली. ओठ हलले. "व्यंकटी माधव कोणंय?" पुन्हा ओठ हलले. तिसऱ्या वेळेला सरजाबाई उठून एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरचं पोरगं जागं झालं: "हाय! हाजीर हाय!"

"ओरडू नका, मावशी. वय किती यांचं?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं डोळे मिटले आणि हळूच होकाराची मान हलवली.

"साठ," ती म्हणाली. "खरं साठ."

माणसानं आधार कार्ड उलटं-सुलटं केलं. "इथं तर छप्पन्न हाय."

"ते शाळेतलं..."

"मग छप्पन्नच लिहितो. कागदावर असतं तेच लिहायचं असतं," असं म्हणून त्यानं लिहिलं आणि स्ट्रेचर आत ढकललं.